फाइली उघडायची नोकरी

सायबर सुरक्षेच्या प्रत्येक प्रशिक्षणात एक स्लाइड हमखास असते: ‘अनोळखी व्यक्तीकडून आलेली अटॅचमेंट उघडू नका.’ मी भरती विभागात आहे. जागेची जाहिरात गेली की ज्यांचं नावही कधी कानावर पडलेलं नाही अशा माणसांच्या फाइली इनबॉक्समध्ये येऊन पडतात, आणि त्या उघडायचाच मला पगार मिळतो. ती स्लाइड मी मनावर घेतली तर कंपनीत एकही जागा भरली जाणार नाही.

तसाही तो नियम मला कच्चा वाटतो. तो सगळा ओळखीवर उभा आहे, आणि ओळखीचं सोंग घेणं फार सोपं. मार्च १९९९ मधला मेलिसा व्हायरस वर्डच्या फाइलीतून आला आणि ती फाइल उघडणाऱ्याच्या पत्तेवहीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना स्वतःहून पुढे गेला. म्हणजे तो प्रत्येकाला मिळाला ओळखीच्याच माणसाकडून. मे २००० मधलं ‘आय लव्ह यू’ या व्हायरसचं प्रकरणही तसंच. एमोटेट हे व्हायरस पसरवणारं जाळं तर त्याहून पुढचं: चोरलेल्या इनबॉक्समधला खराखुरा जुना संवाद उचलायचा आणि त्यालाच उत्तर म्हणून फाइल जोडून पाठवायची. विषय तोच, वर आपलंच जुनं वाक्य. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ते जाळं बंद पाडलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं.

म्हणून ‘कोणी पाठवली’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवलाय. पहिला प्रश्न: ही फाइल नक्की काय आहे, आणि माझ्याकडून काय करून घेऊ पाहतेय?

‘काय आहे’ हे नावाच्या शेपटीवरून, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरच्या अक्षरांवरून कळतं, आणि विंडोज नेमकी ती शेपटीच लपवून ठेवतं. ‘आय लव्ह यू’च्या फाइलीचं नाव शेवटी ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असं होतं. शेवटचा तुकडा दिसत नसल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता. नवा कॉम्प्युटर हातात आला की मी आधी फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’वर टिक करते. वॉलपेपर वगैरे नंतर. आयकॉनवर तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. प्रोग्रामला पीडीएफचं चित्र चिकटवायला काही लागत नाही. त्याहून बेरकी युक्ती म्हणजे अरबी-हिब्रूसारख्या उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठीचं एक अदृश्य चिन्ह नावात घुसवायचं. मग नावाचा शेवट उलटा दिसतो आणि प्रोग्रामची शेपटी ‘ईएक्सई’ मध्येच कुठेतरी दडून बसते. अशा वेळी नाव वाचून उपयोग नाही, शेजारचा ‘टाइप’चा रकाना बघायचा. तिथे ‘ॲप्लिकेशन’ लिहिलेलं असेल तर तो कोणाचाही बायोडेटा नाही.

बायोडेटा पीडीएफमध्ये येतो, वर्डमध्ये येतो, काही भाबडे उमेदवार कागदाचा फोटो काढून पाठवतात. आयएसओ (डिस्कची नक्कल), एलएनके (शॉर्टकट), जेएस (स्क्रिप्ट) यांत कोणी आपला अनुभव लिहीत नाही. एचटीएमएल फाइलबद्दल मी विशेष खडूस आहे. ती ब्राउझरमध्ये उघडते आणि समोर आपल्या ईमेलचं लॉगिन पान येतं, ‘कागदपत्र पाहण्यासाठी पासवर्ड टाका’. अटॅचमेंट माझ्या मेलमध्ये आलेली आहे, म्हणजे मी लॉगिन केलेलंच आहे. मग पुन्हा पासवर्ड कशाला?

बरं, पीडीएफ आणि वर्ड तरी सरळ असतात का? बहुतेक असतात. तरी डाउनलोड करण्याआधी मी त्या मेलच्याच खिडकीत प्रीव्ह्यूमध्ये वाचते. निम्म्या अर्जांचा निकाल तिथेच लागतो, फाइल माझ्या मशीनवर उतरतच नाही. वर्डमध्ये उघडावीच लागली तर वरची पिवळी पट्टी तशीच राहू देते. वाचण्यासाठी ‘एनेबल एडिटिंग’ दाबायची गरज नसते, आणि मला कोणाच्या बायोडेटात दुरुस्त्या करायच्या नसतात (कधीकधी हात शिवशिवतात, ते वेगळं). एखाद्या फाइलीत पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात ‘हा मजकूर दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’ असं असेल, तर तिथेच थांबायचं. ती सूचना वर्डने दिलेली नसते, फाइल बनवणाऱ्याने लिहिलेली असते, आणि ते बटण दाबलं की मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडवलेला छोटा प्रोग्राम, चालू होतो.

मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. डाउनलोड झालेल्या फाइलीवर विंडोज ‘ही बाहेरून आली’ अशी खूण करतं आणि ऑफिस ती खूण बघतं. लगेच चोरांनी आयएसओ फाइली पाठवायला घेतल्या, कारण तेव्हा त्यांच्या आतल्या फाइलीपर्यंत ती खूण पोचत नव्हती. ती फट पुढे बुजवली गेली. मग वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या फाइली सुरू झाल्या. चोर असे वाटा बदलत राहतात, म्हणून ‘अँटीव्हायरस आहे ना’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त माझ्या फाइली त्यांना उघडायला देत नाही.

पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि त्याच मेलमध्ये खाली लिहिलेला पासवर्ड, हा प्रकार तर मला फार आवडतो. त्या कुलपाने फाइल एकाच बिचाऱ्यापासून लपते: मेल तपासणाऱ्या स्कॅनरपासून. माझं उत्तर तयार असतं, ‘कृपया साधी पीडीएफ पाठवा.’ खरा उमेदवार लगेच पाठवतो.

संशय आला की काही जण फाइल व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या वेबसाइटवर टाकतात. जाहिरातबाजीच्या फाइलीसाठी ठीक. पण तिथे चढवलेली फाइल पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवून घेता येते, आणि बायोडेटात एका माणसाचा पत्ता, फोन, जन्मतारीख असते. ती अशी वाटून टाकण्याचा अधिकार मला नाही. मी फाइल आयटीवाल्यांकडे सोपवते.

पाठवण्याच्या बाजूबद्दल मात्र कोणी प्रशिक्षण देत नाही, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच होतो. उत्तर आयर्लंडच्या पोलिस दलाने ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. तिच्यात एक लपलेली शीट राहून गेली होती: सुमारे साडेनऊ हजार कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं. फाइल इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली. पुढे ७,५०,००० पौंडांचा दंड बसला, पण ज्यांना हल्ल्याच्या भीतीने आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवावी लागते त्यांचं काय झालं असेल? कोणी हॅकर नाही, व्हायरस नाही. एक शीट ‘हाइड’ केलेली होती, एवढंच.

पगाराचा तक्ता पाठवताना मला दर वेळी हे प्रकरण आठवतं. म्हणून मूळ फाइल मी कधीच पाठवत नाही. हवे तेवढेच रकाने कॉपी करून नव्या फाइलीत फक्त ‘व्हॅल्यूज’ पेस्ट करते, कारण फिल्टर लावलेल्या ओळी दिसत नसल्या तरी फाइलीत असतातच, आणि पिव्होट टेबलच्या (डेटाचा गोषवारा दाखवणाऱ्या तक्त्याच्या) पोटात तर अख्खा मूळ डेटा असू शकतो. ‘प्रोटेक्ट शीट’ला लोक कुलूप समजतात. ते नुसतं चुकून बोट लागू नये म्हणून असतं. आतला मजकूर त्याने सांकेतिक होत नाही. फाइल उघडण्यासाठीच पासवर्ड लावला तर होतो. तो पासवर्ड मी फोनवर सांगते. झिप करायची असेल तर आतल्या फाइलींची नावं साधी ठेवते, कारण नेहमीच्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी नावं उघडी दिसतात. कोणाच्या तरी नावापुढे ‘बडतर्फी’ लिहिलेलं असेल तर आतलं वाचायची गरजच उरत नाही.

पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढणं हाही असाच भ्रम. जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनफोर्ट (ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख) यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमधला काळा केलेला मजकूर नुसता कॉपी-पेस्ट करून वाचता येत होता. पट्टी वर, अक्षरं खाली जशीच्या तशी. मी मूळ मजकुरातूनच नाव पुसते आणि मग पीडीएफ करते.

पत्ता सगळ्यात शेवटी टाकते. आधी फाइल जोडायची, जोडलेली फाइल मेलमधूनच उघडून बघायची, मजकूर लिहायचा, मग नाव. दोन अक्षरं टाइप केली की मेल उत्साहाने भलत्याच माणसाचं नाव सुचवतो, आणि एकाच आडनावाचे दोघे आमच्याकडे आहेतच. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती मी वाढवून ठेवली आहे.

आता अर्ज करणाऱ्यांसाठी थोडं, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. पीडीएफ पाठवा, फाइलीला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या; ‘फायनल फायनल २’ नको. दुसऱ्याचा बायोडेटा घेऊन त्यावर स्वतःचा बेतला असेल तर फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये लेखक म्हणून त्याचंच नाव दिसतं, तेवढं बदला. ओळखपत्रांच्या प्रती पहिल्या अर्जासोबत जोडू नका. आम्हाला त्या निवड झाल्यावर लागतात, आणि तोवर त्या आमच्या इनबॉक्समध्ये विनाकारण पडून राहतात. कोणी पहिल्याच मेलमध्ये त्या मागत असेल तर ती कंपनी खरंच आहे का हे तिच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर फोन करून विचारा. जागा भरली की बाकीच्यांच्या फाइली मी पुसते, आणि मेलच्या ‘ट्रॅश’मधूनही काढते.