बाटल्यांचा ब्रश

माळ्यावरून खोकं खाली आलं की आधी धूळ, मग शिंका आणि मग आईचं ठरलेलं वाक्य. "आला का तुझा बाटल्या धुवायचा ब्रश?"

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार आला की आमच्या वसईतल्या घरी हे नाट्य होतं. खोक्यातून जे बाहेर पडतं त्याला नाताळचं झाड म्हणायला आईची जीभ अजून वळत नाही, आणि त्या घटकेला माझीही वळत नाही. हिरव्या प्लास्टिकच्या तीन गठड्या. फांद्या दांड्याला चिकटून बसलेल्या, मिटलेल्या ओल्या छत्रीसारख्या. खोक्यावरचं चित्र मात्र गच्च, डेरेदार. शेजारी लिहिलंय: सहा फूट, ६५० टिप्स. टिप्स म्हणजे टोकं, आणि त्यातलं प्रत्येक आपल्याच बोटांनी उघडायचं असतं, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

पहिल्या वर्षी मला ते ठाऊकच नव्हतं. तीन तुकडे एकमेकांत खोचले, बिजागरीच्या फांद्या खाली पाडल्या, चमकी गुंडाळली, दिवे लावले. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, परतलेली मावशी कोट न काढता बराच वेळ बघत राहिली. मग हळूच विचारलं, "आजारी होतं का गं?"

तेव्हापासून रीतसर बैठक मारते. हातांत बाबांचे जुने पायमोजे चढवते, कारण ती प्लास्टिकची पानं बघता बघता ओरखडतात आणि दुसऱ्या दिवशी कोळंबीला मीठ चोळताना सगळा हिशेब कळतो. आधी फक्त खालचा तुकडा उभा करायचा. वरचे दोन घाईघाईने चढवले की खाली हात घालायला जागा उरत नाही. प्रत्येक फांदीवर दांड्याकडून बाहेर यायचं. एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, आणि अगदी शेंड्याचं बोटाभोवती जरा वळवून उचललेलं, करंजीला मुरड घालतो तसं. आतली तार मऊ असते, ठेवाल तशी राहते. कंटाळा येतो तो दांड्याजवळच्या आखूड टोकांचा. ती कुणाला दिसणार म्हणून सोडली की तिथेच फसगत होते. दिवे लागले की त्या फटीतून लोखंडी दांडा लखलखीत दिसतो. दिव्यांची माळसुद्धा म्हणून आधी आत, दांड्याजवळून फिरवायची आणि मग बाहेर आणायची. उजेड आतून आला की झाड आपोआप जाड दिसतं. सगळं मिळून दीड तास जातो, मध्ये चहा धरला तर दोन.

दुसऱ्या वर्षी मी अतिशहाणपणा केला. प्रत्येक फांदीचा पंखा तंतोतंत सारखा, मधलं अंतर जणू पट्टीने आखलेलं. मागे सरकून पाहिलं, तर खोलीत एक भलामोठा हिरवा कंगवा उभा होता.

आई वाती वळत बसली होती. (हो, आमच्याकडे वाती लागतात, बाळ येशूच्या गव्हाणीपुढच्या पणतीसाठी.) तिचं निम्मं आयुष्य मोगऱ्याच्या वाडीत गेलं आहे. पहाटे कळ्या खुडायच्या, गाडी पकडायची आणि फुलं दादरला पोचवायची. या प्लास्टिकला तिने तोवर बोट लावलं नव्हतं. ती उठली आणि म्हणाली, "झाड कधी बघितलंस का?"

मग तिने माझ्या दीड तासाची वाट लावली. खालच्या फांद्या दाबून जमिनीकडे झुकवल्या, "म्हाताऱ्या आहेत त्या, वजन झालंय." मधल्या आडव्याच ठेवल्या. शेंड्याकडच्या वर उचलल्या, "ही पोरं, उन्हाकडे बघणारच." दोन टोकं एकमेकांवर चढवली. डाव्या अंगाला, मी खपून बुजवलेली एक जागा पुन्हा उघडी केली. मी ओरडले. "पाखरू बसायला जागा नको?" भिंतीकडच्या बाजूला मात्र तिने हातही लावला नाही. लुगड्याची आतली निरी कोण बघतं, असं तिचं म्हणणं. उलट मागच्या फांद्यांची टोकं पुढे वळवून आणली. लबाडी आहे, पण कामाची आहे.

ब्रशाचं मी मनावर घेतलं होतं. म्हणून एकदा एक तुटकी फांदी दिव्याखाली धरून उलगडली. हिरव्या पीव्हीसीच्या पातळ पट्टीला झालरीसारखे बारीक काप दिलेले, ती पट्टी दोन तारांच्या मध्ये धरलेली आणि तारांना पीळ घातलेला. पीळ बसला की काप चारी बाजूंनी फिसकारतात, झाली फांदी. बाटल्यांचा ब्रश अगदी असाच बनतो. पुढे वाचलं, तर १९३०च्या दशकात ॲडिस या ब्रश बनवणाऱ्या कंपनीने, संडासाचे ब्रश करायची यंत्रं वापरूनच अशी झाडं काढली होती. आईला सांगितलं. तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "मग मी काय म्हणत होते?"

आमच्या लहानपणी हे काही नव्हतं. बाबा शेजारच्यांच्या बांधावरच्या सुरूची एक फांदी मागून आणायचे आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात उभी करायचे. वर कापूस, म्हणजे बर्फ. खिडकीबाहेर केळीची बाग, आत बर्फ. ती फांदी एका बाजूने भरलेली आणि दुसऱ्या बाजूने टकली असायची, तरी कुणी कधी ती आजारी आहे म्हटलं नाही. चौथ्या दिवशी ती झडू लागायची आणि केरसुणीत तिचेच तुकडे अडकायचे. त्या वासाची आठवण काढून मी खूपदा हळहळते. मग स्वतःला सांगावं लागतं की सुरूही त्यातलाच. तो देवदार-पाइनच्या कुळातला नाहीच, फुलझाडांतला आहे. ज्यांना आपण सुया समजतो त्या त्याच्या बारीक हिरव्या डहाळ्या, आणि खरी पानं म्हणजे त्यांच्या पेरापेरांवरचे, भिंगाशिवाय नीट न दिसणारे खवले. म्हणजे बाबांचं झाडही सोंगच आणायचं. फक्त टोचत नव्हतं.

आमच्या चर्चच्या आवारात एक खरं उंच झाड आहे, नर्सरीवाले ज्याला सरसकट ख्रिसमस ट्री म्हणतात तसलं. आधी वाटायचं लावणाऱ्याचा हात वाकडा. नंतर कळलं की ते अरॉकेरिया, पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांकडचं, आणि कलणं हा त्याचा जातिस्वभाव. २०१७ साली संशोधकांनी पाच खंडांतली अशी अडीचशेवर झाडं मोजली. बहुतेक सगळी विषुववृत्ताकडे झुकलेली, सरासरी साडेआठ अंश. म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे. मिस्सा सुटल्यावर मी फोनमधलं होकायंत्र काढून त्या झाडाखाली उभी राहिले. दक्षिणच. फादर लांबून बघत होते. मी फोन कानाला लावला.

आमच्या ब्रशाच्या स्टँडचा एक पाय गेल्या वर्षी मोडला. त्याखाली मी लग्नपत्रिका घडी करून सारत असे, तरी ते कलतच असे. यंदा पत्रिका काढून टाकली आणि झाड फिरवून कल दक्षिणेला आणला. आमच्या घरात दक्षिणेला स्वयंपाकघराचं दार आहे. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्याला खालून चौथी फांदी एकदा तरी घासते. बाबा दोनदा वैतागले. काल आई करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि तिलाही ती लागली. मी बोलणी खायच्या तयारीत होते. ताट टेबलावर ठेवून ती मागे फिरली, घासून वर गेलेली फांदी दोन बोटांनी धरली आणि पुन्हा होती तशी खाली वाकवून ठेवली.