बॉडी की लेन्स? नवा कॅमेरा घेण्याआधीचा माझा खटाटोप

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कॅमेरा बदलायचं माझ्या डोक्यात बसलं, किंवा खरं सांगायचं तर बसवलं गेलं. एका दुकानदाराने जुनी बॉडी परत घेऊन नवीवर सूट देतो म्हणून दोनदा फोन केला. रविवारी बरोबर पक्ष्यांचे फोटो काढायला येणाऱ्या पोरांचं टुमणं तर आधीपासूनच चालू होतं: "ताई, लेन्स ठीक आहे, पण बॉडी आता बदलाच." आमच्या घरी ह्यांचा एकच प्रश्न होता, की आत्ताच्या कॅमेऱ्याला झालंय काय? त्याचं धड उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला एवढी रक्कम उत्तराशिवाय खर्च करणं जड जातं.

माझ्याकडे सोनीचा ए६४०० होता, २०१९चं मॉडेल. त्यावर ७०-३५० मिलिमीटरची लेन्स. सेन्सर (फोटो टिपणारा भाग) लहान, एपीएस-सी आकाराचा, त्यामुळे मोठ्या सेन्सरच्या हिशेबाने दीडपट धरून ५२५ मिलिमीटरची पोच. बॉडी आणि लेन्स मिळून वजन किलोभर. उजव्या मनगटाचं माझं दुखणं जुनं आहे, म्हणून ही जोडी मुद्दाम हलकी बघून घेतली होती. पुण्याजवळचं कवडी गाव, पाषाण तलाव, सिंहगडाच्या पायथ्याची दरी, असं सकाळी चालत फिरायचं, दिसेल ते टिपायचं.

मी फोटो पुसत नाही. आळस म्हणा, पण त्याचा इथे फायदा झाला. मागच्या हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचे सगळे फसलेले फोटो हार्ड डिस्कवर पडून होते. वही घेतली, रकाने आखले आणि एकेक फोटो उघडून तो का फसला ते लिहीत गेले. पक्षी लांब. पक्षी हललेला. फोकस चुकलेला. अंधारामुळे फोटोभर उठलेले बारीक दाणे. हवा थरथरलेली. ऑफरची मुदत संपेपर्यंत हेच चाललं होतं आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

सगळ्यात लवकर भरला तो 'लांब'चा रकाना. त्याला बॉडी बदलून काही होत नाही. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, त्याच घराण्यातला पुढचा ए६७०० हा २६चा. या दोन मेगापिक्सेलनी पलीकडच्या काठावरचा चक्रवाक जवळ येत नाही. 'हवा'चा रकाना तर कुणाच्याच हातात नाही. भिगवणला ऊन चढलं की उजनीच्या पाण्यावर तापलेल्या तव्यापलीकडे बघावं तसं सगळं हलायला लागतं, आणि रोहित पक्ष्यांचे पाय वाकडेतिकडे येतात. कितीही महागडी लेन्स लावा, उलट जितकी लांब पल्ल्याची लेन्स तितकी ती थरथर मोठी दिसते.

दाण्यांचं मला सगळ्यात जास्त वाटत होतं, आणि तोच रकाना सगळ्यात आधी निकालात निघाला. दरीतल्या सावलीत एफ ६.३ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडून, सेकंदाच्या अडीचशेव्या भागाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) ६४००च्या खाली येत नाही. पण २०२३ पासून लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाणे घालवण्याची जी नवी सोय आली आहे ती जुन्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलींवरही चालते. माझे बरेचसे टाकाऊ फोटो तिने माणसात आणले. सेन्सर बदलून जेवढा फरक पडला असता त्याहून हा मोठा, आणि वर्गणी मी आधीच भरत होते.

उरला 'फोकस'. इथे मात्र घोडं अडलं. कवडीचीच एक मालिका सांगते. कवड्या खंड्या नदीवर एकाच जागी पंख मारत थांबला होता, चोच खाली, मान स्थिर. असा प्रसंग रोज येत नाही. सेकंदाला ११च्या वेगाने मी बटण दाबून धरलं. पहिले काही फोटो लख्ख. मग फोकस मागे सरकला, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत पलीकडच्या काठावरच्या जलपर्णीचं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्पष्ट, आणि मध्ये काळापांढरा पुंजका. नदी सुरयांचंही तेच, आणि झुडपात शिरलेल्या सुभग पक्ष्याचंही. माझ्या कॅमेऱ्याला २०१९च्या जूनमध्ये अपडेटने प्राण्यांचे डोळे ओळखता यायला लागले, पण त्यात पक्षी नव्हते. पक्ष्याचा डोळा ओळखणारी बॉडी सोनीने २०२१ साली ए१च्या रूपाने आणली, आणि पुढे ती सोय खालच्या मॉडेलांत उतरली. म्हणजे पोरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, फक्त ते सांगत होते ती कारणं वेगळी होती.

मधल्या काळात फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा, मोह झाला. सोनीचाच ए७-४ हातात घेऊन पाहिला, बरा वाटला. मग गणित मांडलं. माझी लेन्स लहान सेन्सरसाठी बनलेली, त्यामुळे मोठ्या सेन्सरचा मधलाच भाग वापरला जाणार आणि ३३ मेगापिक्सेलचे साधारण १४ उरणार. पक्षी होता त्याहून लहान. ते टाळायचं तर २००-६०० मिलिमीटरची मोठी लेन्स घ्यायची, म्हणजे खर्च दुप्पट. कॅननचा आर७ कॅमेरा, निकॉनची १८०-६०० लेन्स यांचाही विचार झाला, पण कंपनी बदलायची म्हणजे आधी आपलं सामान पडेल भावात विकायचं. ओएम-१ या आणखी एका कंपनीच्या कॅमेऱ्यातली एक सोय मात्र मनात घर करून राहिली. बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या क्षणाचे फोटोही तो साठवतो. फांदीवरून उडणारा पक्षी टिपायला याहून चांगलं काही नाही. तरीही एका सोयीसाठी सगळा संसार बदलायची माझी तयारी नव्हती.

मग भाड्याने घ्यायचं ठरवलं. पुण्यात एका ठिकाणाहून ए६७०० आणि २००-६०० अशा दोन्ही वस्तू घेतल्या. आधार कार्डाची प्रत, अनामत रकमेचा चेक, आणि परत करताना एकेक ओरखडा तपासणारा मुलगा. भाडं चार आकड्यांत आटोपलं. बहुतेक जण नवी बॉडी आणि मोठी लेन्स एकत्र लावून बघतात, फोटो झकास येतात आणि दोन्ही घेऊन मोकळे होतात. कोणी काय केलं ते कळतच नाही. मी उलटसुलट जोड्या लावल्या: नव्या बॉडीवर माझी जुनी लेन्स, आणि जुन्या बॉडीवर मोठी लेन्स.

भिगवणजवळच्या कुंभारगावला उजाडायच्या आत पोचलो. ओळखीच्या नावाड्याने दोन्ही कॅमेरे बघून विचारलं, "काय ताई, आज डबल?"

"एक भाड्याचा आहे हो. बघायचंय घ्यावा का."

"मग आधी सुरय दाखवतो. फ्लेमिंगो काय, मोबाईलमधी पण येतोय."

परीक्षा कशाची घ्यायची ते त्याला माझ्याआधी कळलं होतं. जाळ्यांच्या खुंटांजवळ त्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने नाव हळूहळू सरकवत नेली. सुरय पाण्यावर गिरक्या घेत होते. नव्या बॉडीत डोळ्यावर छोटी चौकट बसायची आणि पक्षी वळला, मागे काठ आला, शेवाळ आलं, तरी ती सुटायची नाही. वेग दोन्ही कॅमेऱ्यांचा सेकंदाला ११ फोटो असाच आहे, पण इथे हाती लागणारे फोटो कितीतरी जास्त होते. शिवाय जुनी बॉडी रॉमध्ये चारेक सेकंदांत दम टाकते आणि कार्डावर लिहीत बसते, ते नव्यात वेगवान कार्डामुळे बरंच कमी होतं. थवा अंगावर आला की मात्र नवीही गोंधळते. कुठला पक्षी हवा ते तिला सांगावं लागतं. आणि लांबवर बसलेल्या ऑस्प्रेवर चौकट उमटलीच नाही. फ्रेममध्ये पक्षी ठिपक्याएवढा असेल तर ओळखणार काय?

जुन्या बॉडीवर मोठी लेन्स लावली तेव्हा नावेच्या काठावर तांदळाची कापडी पिशवी ठेवून तिच्यावर टेकवली. तोच ऑस्प्रे, आणि आता त्याच्या पंजातला मासा कुठल्या जातीचा यावर नावाड्याशी चर्चा करण्याइतका तपशील. पट्टकादंबांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे वेगवेगळे दिसत होते.

सिंहगडाच्या दरीत फरक अजून स्पष्ट झाला, आणि त्याचं कारण आकड्यांत सांगता येतं. दोन्ही लेन्स शेवटच्या टोकाला एफ ६.३च्याच. पण ३५०ला ६.३ने भागलं तर तोंडाची उघडीप ५६ मिलिमीटर येते, ६००ला भागलं तर ९५. क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. सेन्सरवरही पक्षी तेवढीच, तिप्पट जागा घेतो. म्हणजे आयएसओ तोच ठेवूनही पक्ष्याकडून येणारा प्रकाश एकूण तिप्पट जमा होतो. ओहोळाच्या कडेला वेलींच्या अंधारात बसलेल्या टिकेल्स ब्लू फ्लायकॅचरच्या चोचीमागचे बारीक राठ केस माझ्या जुन्या बॉडीनेच टिपले, मोठ्या लेन्समधून. दाण्यांवर उपाय हवा असेल तर तो बॉडीत शोधू नये, असं मी आता कुणालाही सांगते.

पण ही लेन्स २,११५ ग्रॅमची. नावेत पिशवीवर ठेवून ठीक. दगडगोट्यांतून चढत, डोक्यावरच्या फांदीकडे रोखून धरायची म्हटल्यावर दोन-तीन मिनिटांत हात थरथरायला लागला. चष्मेवाल्या पक्ष्यांचा थवा आला तेव्हा मी ती दगडावर टेकवून मनगट चोळत होते. एकपायी स्टँड लावून पाहिला, पण दरीत पक्षी वर बघायला लावतात आणि स्टँड खाली बघायला. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टा बांधून बसले, पोळ्या ह्यांनी लाटल्या. भारताचे, श्रीलंकेचे, सगळे नकाशे झाले.

नुसत्या फोटोच्या दर्जावर निकाल द्यायचा तर लेन्स जिंकली होती. तरी मी बॉडी घेतली. मोठी लेन्स मला लागते ती भिगवणला, आणि तिथे हिवाळ्यात मोजक्याच खेपा होतात. तेवढ्यासाठी ती भाड्याने आणत राहिले तरी तिची किंमत गाठायला कित्येक हिवाळे जातील. बाकीचं वर्षभर मी चालते, आणि चालताना हातात जे असतं त्यात पक्षी सापडणं आणि न सुटणं हीच माझी अडचण होती. बॉडीचं वजन जुन्यापेक्षा फक्त ९० ग्रॅमने जास्त. बॉडीत आता थरथर रोखायची सोय आहे, पण माझ्या लेन्समध्ये ती आधीच होती, त्यामुळे त्याचं मला फार अप्रूप नाही.

दुकानदाराने जुन्या बॉडीचा सांगितलेला भाव ऐकून मी ती घरीच ठेवली. शिवाय नव्या किमतीत न धरलेल्या गोष्टी होत्या. बॅटरी वेगळी, म्हणजे माझ्या जुन्या तीन बॅटऱ्या निरुपयोगी. आणि वेगाचा फायदा हवा तर कार्डही नवं. शेवटी एका व्हिडिओ करणाऱ्या मुलाकडून वापरलेली ए६७०० घेतली. त्याने शटरचा आकडा, म्हणजे आजवर किती फोटो काढले ते, अभिमानाने दाखवला, खरंच कमी होता. पण व्हिडिओ काढताना शटर मोजला जात नाही, त्यामुळे कॅमेरा किती तास तापला ते त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून एचडीएमआयचं तोंड ढिलं झालंय का ते वायर लावून पाहिलं, स्क्रू खरवडलेत का ते पाहिलं, एफ १६ला आभाळाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग शोधले, आणि अर्धा तास सलग रेकॉर्डिंग लावून त्याच्याच घरचा चहा प्यायले. मूळ बिल घेतल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

आता वर्ष होत आलं. ओळखण्याचं लक्ष्य 'पक्षी' असं ठरवून ठेवलंय, आणि ती ओळख एका फटक्यात बंद करायला एक बटण नेमलंय, कारण दाट पाणवनस्पतींत ती कधीकधी पानालाच डोळा समजते. तेव्हा मी जुन्या पद्धतीने छोटा चौकोन बोटाने सरकवते. नव्या बॉडीलाही त्यासाठी वेगळी कांडी (जॉयस्टिक) नाही, ही माझी एकमेव कुरकुर. वहीतले रकाने परत मांडले. फोकसचा आटलाय, लांबचा जसाच्या तसा आहे. जुनी बॉडी भाचीला दिली आहे, ती तिच्यावर बाल्कनीतले सूर्यपक्षी टिपते आणि मला रात्री अकराला पाठवते. जानेवारीतल्या भिगवणसाठी २००-६०० सांगून ठेवलीय. शनिवार-रविवारी ती मिळत नाही, म्हणून आम्ही मंगळवारी जातोय.