कानस खाली ठेवली

तानपुऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून झंकार आणताना, दुकानात दुसरा आवाज नको, हा आमच्या आबांचा नियम. घोडीवर कानस एकदा जास्त फिरली की तारेचा झंकार बसतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं. आमच्या मिरजेत हे लहान पोरालाही ठाऊक. मे महिन्यात भाचा पुण्याहून आला आणि नेमकं तेव्हाच त्यानं मोबाइलवर गाणं लावलं. ओरडणार होतो, पण कानस खाली ठेवली गेली.

पुरुषाचा आवाज, झोपलेल्या लेकराच्या उशाशी बसून गावं इतका हळू. सोबत गिटार. नायलॉनच्या तारेला आपल्या तानपुऱ्याची आस नाही. छेडली की सूर विझतो. म्हणून वाजवणारा अंगठ्यानं खर्ज धरतो, बोटांनी वरचे सूर मागेपुढे टाकतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत गळा अलगद शिरतो. तीच जागा मी पुन्हा पुन्हा ऐकली.

गाणारा मोराइस मोरेरा, बँड नोवोस बायानोस. बायानोस म्हणजे ब्राझीलच्या बाईया प्रांतातले. बेबी कोन्सुएलोचा खणखणीत गळा, पेपेऊ गोमेसची इलेक्ट्रिक गिटार, आपल्या खंजिरीची बहीण शोभावी असं पांदेरो. रिओमध्ये ही सगळी मंडळी एकाच घरात राहायची. ओढा रॉककडे. तिथं त्यांच्याच मुलखातले जुआंव जिल्बेर्तो यायचे, बोसा नोवा या तिकडच्या हळुवार गाण्याच्या शैलीचे एवढे मोठे कलावंत. त्यांनी या पोरांना सांबाकडे, ब्राझीलच्या जुन्या नाचत्या संगीताकडे वळवलं. त्यातून 1972 साली ‘अकाबू शोरारे’ हा अल्बम आला. नावही जुआंव यांच्या घरातलंच: मेक्सिकोत असताना त्यांची छोटी लेक पडली आणि मोडक्यातोडक्या मिश्र भाषेत आईवडिलांनाच समजावू लागली, रडणं संपलं म्हणून.

मोठा गवई पोरांच्या घरी येऊन बसतो, हे मला फार जवळचं वाटलं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायचे. त्यांच्या गोष्टी आबा अशा सांगत, जणू आत्ताच पायरी उतरून गेलेत.

भाचा परत गेला. आता दुपारी डबा खाऊन झाला की ते गाणं लावतो, एकदाच. मग मोबाइल बंद करून, कानातला तो गळा पुरता विरेपर्यंत थांबतो, आणि मगच तारेखाली सूत सरकवतो.