पोटरीतला गोळा आणि चार मंगळवार

रात्री दोन-अडीचला पोटरीत गोळा आला की माणूस उठून बसतो, पायाचा अंगठा धरतो आणि आपल्याकडे ओढतो. मला तेच जमत नाही. सात वर्षांपासून मला आमवात आहे, डॉक्टर त्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. रात्री माझी बोटं वळतच नाहीत. पोटरी दगडासारखी घट्ट, पाऊल ताठ, आणि हात अंगठ्यापर्यंत पोचला तरी धरायला बोटांत जोर नाही. मग ह्यांना हाक मारायची, त्यांनी झोपेतून उठून तळपाय वर दाबायचा. मागच्या पावसाळ्यात आठवड्यातल्या चार-पाच रात्री अशाच जायच्या.

घरात सगळ्यांचं एकच, वाताचंच आहे ते. सासूबाई म्हणायच्या, पाणी कमी पितेस, केळं खात जा. मलाही ते पटलं होतं. सांधा दुखतो म्हणून आपण तो हलवत नाही, मग आजूबाजूचे स्नायू आखडतात, बारीक होतात, हे खरंच आहे. त्यात मी शिवणकाम करते. पायमशीनवर दिवसभर पाऊल खाली-वर होतं, म्हणून दोष त्यालाच दिला. या समजुतीत माझे चार महिने गेले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आमवात असला म्हणून प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यावर टाकू नका, एवढं सांगायलाच हे लिहायला बसले.

मी साताऱ्याची, आणि तपासणी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात. संधिवाताचे डॉक्टर तिथे फक्त मंगळवारी असतात. त्या मंगळवारी माझा नंबर चौसष्टावा होता. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या, दोन्ही पाय सारखे आहेत ना ते पाहिलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड आणि स्नायूंसाठी सीपीके. म्हणाले, "आजच रक्त देऊन जा, पुढच्या मंगळवारी रिपोर्ट दाखवा."

मी खिडकीवर पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. आतला मुलगा म्हणाला, "मावशी, सॅम्पल अकरापर्यंतच घेतात."

केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते. डॉक्टर दहाला बसतात. रक्त अकराला बंद. ज्याचा नंबर विसाच्या पुढे आहे, तो डॉक्टरांना दाखवून अकराच्या आत खाली रक्त द्यायला पोचेलच कसा? आणि डॉक्टर तर प्रत्येकाला आजच द्या म्हणतात. भिंतीवरच्या पाटीवर वेळेच्या जागी पांढरा रंग उडालेला होता, नुसतं 'ते' एवढंच वाचता येत होतं. मी विचारलं, बाहेरगावचे लोक येतात, एखादा कागद तरी चिकटवा. तो म्हणाला, "ते आमच्याकडे नाही, ऑफिसला सांगा." ऑफिसची जेवणाची सुट्टी झाली होती.

दुसऱ्या मंगळवारी पहाटे साडेचारची एसटी धरली. अर्ध्या तिकिटाची सवलत आहे म्हणून पैशांचं एवढं वाटत नाही, पण खंबाटकी ओलांडेपर्यंत गुडघे धरून येतात. स्वारगेटला उतरताना डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी दांडीला धरून तशीच उभी राहिले, मागचे लोक ओरडत होते. (लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने टाच टेकवून पाऊल वर-खाली हलवत राहा, मला हे उशिरा सुचलं.) रक्त घेणारी मुलगी म्हणाली, "मूठ घट्ट वळा." म्हटलं, बाई, मूठ वळली असती तर इथे कशाला आले असते. तिने शीर शोधत तीनदा टोचलं, रक्त थेंब-थेंब आलं. तिनेच सांगितलं, रिपोर्ट संध्याकाळी पाचनंतर. डॉक्टर एकला उठतात. म्हणजे पुन्हा पुढचा मंगळवार.

तिसऱ्या मंगळवारी रिपोर्ट हातात घेतला. ड जीवनसत्त्व 11, म्हणजे बरंच कमी. बाकी सगळ्यांपुढे आकडे होते, फक्त पोटॅशियमपुढे आकड्याच्या जागी लिहिलेलं होतं, नमुना हिमोलाइज्ड, पुन्हा पाठवा. त्याचा अर्थ मला रांगेतल्या एका शिकाऊ डॉक्टरने समजावला. रक्त ओढताना पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा, जास्त दिसतो, म्हणून तो देतच नाहीत. बरोबर आहे, न देणंच योग्य. पण केसपेपरवर माझा मोबाइल नंबर होता. सात दिवसांत कुणी एक फोन केला असता तर मी त्याच आठवड्यात येऊन पुन्हा रक्त दिलं असतं. हे मी खिडकीवर मोठ्याने बोलले आणि बोलले याचं मला काही वाटत नाही.

तिथेच रांगेत पुन्हा गोळा आला. रांग सोडली तर नंबर जाणार. मागच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही भिंतीला धरा, मी जागा राखते." भिंतीला कोपर आणि मनगट टेकवलं, दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला घट्ट, आणि पुढचा गुडघा हळूहळू वाकवत नेला. पाऊण मिनिटात पोटरी सैल झाली. तळहात टेकवायची गरज नाही, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं.

त्या दिवशी अकराच्या आत रक्त दिलं. या वेळी मीच सांगितलं की हात आधी शेकून देते आणि मूठ वळणार नाही. गरम पाण्याची बाटली घरून नेली होती. एकाच टोचण्यात झालं.

चौथ्या मंगळवारी पोटॅशियम आलं 3.1. ते 3.5 ते 5 असायला हवं. डॉक्टरांनी विचारलं, "रक्तदाबाची गोळी कोणती?" पहिल्या भेटीत मी त्यांचाच कागद पुढे केला होता, साताऱ्याच्या डॉक्टरांचा नव्हे. पर्समधून पाकीट काढून दिलं. मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन औषधं होती, त्यातलं एक क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवी वाढवणारं. त्याने पोटॅशियम बाहेर जातं. इकडे आमवातासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू, त्यानेही जातं. दोन गावांचे दोन डॉक्टर, दोन कागद, आणि दोन्ही कागद एका टेबलावर पहिल्यांदाच आले.

पुढचं पटकन झालं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली, काही दिवस पोटॅशियमचं पातळ औषध दिलं, पुण्याच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. ते एकदम बंद करायचं नसतं. पोटॅशियमचं औषध आपल्या मनाने दुकानातून आणू नका, जास्त झालं तर हृदयावर जातं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळंसुद्धा विचारूनच. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी आठवड्यातून एकदा सांगितली. इथे मी एक काळजी घेतली. आमवाताची माझी मेथोट्रेक्सेटची गोळीही आठवड्यातून एकदाच असते, आणि ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मेथोट्रेक्सेट रविवारी, ड बुधवारी, आणि कॅलेंडरवर रविवारीच लाल गोल. गोळी घेतली की लेक त्या गोलावर फुली मारते.

आता गोळा दहा-बारा दिवसांतून एखादा येतो, आणि ह्यांना उठवावं लागत नाही. जुन्या नऊवारीचे काठ दुहेरी घेऊन मी दोन हात लांबीचा पट्टा शिवला. मध्ये पाऊल बसेल असा खोलगा, आणि दोन्ही टोकांना मनगट जाईल एवढी फासकी. बोटांनी काही धरायचं नाही. मनगटं अडकवायची आणि कोपरं मागे न्यायची, पाऊल आपोआप वर येतं. काठाची वीण घट्ट असते, ताण सोसते. ज्या बाईंनी रांगेत माझी जागा राखली त्यांनाही एक शिवून नेला, त्या चौथ्या मंगळवारी पुन्हा भेटल्या होत्या. पायमशीनला मोटर बसवली. ती आधीच बसवायला हवी होती.

एक राहिलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दोन्ही पोटऱ्या सारख्या आहेत का पाहिलं, ते उगाच नाही. एकच पाय सुजला, गरम लागला, लाल झाला आणि दुखणं सुटेना, तर पट्टा लावू नका, चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिरेत गुठळी असू शकते.

पुढची तारीख मार्चमधली. रक्त या वेळी आठ दिवस आधी साताऱ्यातच देणार आहे, आणि दोन्ही डॉक्टरांचे कागद आत्ताच एका पिशवीत घालून ठेवलेत.