पाटणचा ११ केव्ही फिडर, फॉल्ट इंडिकेटर आणि सिमचा तक्ता : माझा अनुभव

पाटण तालुक्यात पावसाळ्यात फिडर (उपकेंद्रातून निघणारी वीजलाईन) ट्रिप झाला, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडला, की वायरमन रात्री बॅटरी घेऊन खांबामागून खांब बघत फिरतात. तो त्रास कमी व्हावा म्हणून ११ केव्ही लाईनवर फॉल्ट इंडिकेटर (बिघाड, म्हणजे फॉल्ट, कुठे आहे ते दाखवणारे, तारेवर अडकवायचे दिवे) बसवायचं काम आम्ही केलं. ज्या इंडिकेटरमधून फॉल्टचा करंट गेला तो लुकलुकतो, त्याच्या पुढचा गप्प राहतो. फॉल्ट या दोघांच्या मधे. प्रत्येक फाट्याच्या लगेच पुढे तीन फेजना तीन, हॉटस्टिकने (तारेवर काम करायच्या लांब, वीज न वाहणाऱ्या काठीने). बसवणं झटपट झालं.

अडलं सिमपाशी. इंडिकेटर लागला की मेसेज पाठवणाऱ्या खांबावरच्या मोडेमला मशीनचं, १३ आकडी नंबरचं सिम लागतं. सिम देणाऱ्या कार्यालयाने स्वतःचा एक्सेल तक्ता पाठवला: सिमवरचा आयसीसीआयडी (सिमचा स्वतःचा क्रमांक), मोडेमचा आयएमईआय (यंत्राचा क्रमांक), ठिकाण. भरून पाठवला की ‘क्रमांक जुळत नाही’ म्हणून परत. विचारलं की एकच उत्तर, ‘नीट भरा’. आयसीसीआयडी १९-२० आकडी असतो. एक्सेल आकड्याच्या रकान्यात पहिले १५ अंकच जपतं, पुढचे सगळे शून्य करून टाकतं. आणि त्यांच्या तक्त्यात तो रकाना आकड्याचाच होता! दोष त्यांच्या तक्त्यात, आणि पाऊस तोंडावर असताना खोळंबलं आमचं काम. याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही भरायच्या आधीच रकाना ‘टेक्स्ट’ करा, सेव्ह करून फाईल पुन्हा उघडा आणि शेवटचे चार अंक सिमशी ताडून बघा. मेसेज कोणाला जायचे ते नंबर त्याच अर्जात द्या. हे सिम ठरवून दिलेल्या नंबरांनाच मेसेज पाठवतं. सिम आयएमईआयला बांधलेलं असेल तर मोडेम बदलल्यावर ते बंद पडतं, तेव्हा जादा मोडेमचे क्रमांकही आधीच नोंदवा. खरं तर सिमचा अर्ज इंडिकेटरच्या ऑर्डरआधीच टाकावा.

इंडिकेटर किती करंटला लागायचा ते सेटिंग नेहमीच्या लोडपेक्षा वर आणि रिलेच्या (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या यंत्राच्या) पिकअपपेक्षा, म्हणजे तो ज्या करंटला जागा होतो त्यापेक्षा, खाली हवं. लोड ९० अँपिअर, पिकअप १५० असेल तर १२०-१३० ठेवा. अर्थ फॉल्टला (करंट जमिनीत जातो तेव्हा) मात्र रिले ३०-४० अँपिअरवरही सुटतो, त्यासाठी करंटची अचानक वाढ ओळखणारा मोड चालू पाहिजे. वेळही बघा: ब्रेकर १०० मिलिसेकंदात उघडत असेल आणि इंडिकेटर २०० मिलिसेकंद थांबत असेल, तर तो कधीच लुकलुकणार नाही. लाईन पुन्हा चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर भरपूर करंट ओढतात. इनरश ब्लॉकिंग (हा क्षणभराचा करंट फॉल्ट न धरण्याची सोय) बंद असेल तर तेव्हा सगळेच इंडिकेटर लागतात.

रिलेचं घड्याळ जुळवायचं राहिलं होतं, ते नंतर केलं. त्याशिवाय रिलेची नोंद आणि इंडिकेटरचा मेसेज एकाच फॉल्टचे आहेत का, हे ठरत नाही. रिलेमध्ये फॉल्ट किती किलोमीटरवर आहे ते दिसतं, पण फाटे असलेल्या फिडरवर तेवढ्या अंतरावर तीन-चार ठिकाणं निघतात. फाटा कोणता, ते इंडिकेटरच सांगतो.

सड्यावर कोरड्या जांभ्यावर तार पडली तर करंट इतका कमी असतो की रिले सुटत नाही आणि इंडिकेटरही लागत नाही. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असलं तरी तार पडल्याचा फोन आला की आधी फिडर बंद करा.