नवस आईचा, पाय माझे

नगरहून हरेगावला चालत जाण्याचा नवस मी बोललेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटातल्या गाठीची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी गुंगीत असताना आई दवाखान्याच्या जिन्यात जपमाळ घेऊन बसली होती, आणि तिथेच तिने मतमाउलीला, म्हणजे हरेगावच्या मरियामातेला, शब्द दिला की, पोरगी धडपणे उठली तर तिला पायी तुझ्या दारी आणीन. आईचे गुडघे कधीच गेलेले असल्यामुळे नवस तिचा आणि पाय माझे, अशी वाटणी आपोआप झाली. पहिल्या वर्षी मी पावसाचे निमित्त सांगून टाळले. दुसऱ्या वर्षी निमित्त सुचले नाही.

शिवाय, त्या शस्त्रक्रियेपासून मला प्रार्थना जमत नव्हती, हे मी कोणाला सांगितलेले नव्हते. मी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेला जात होते, ख्रिस्तप्रसाद घेत होते, उत्तरे लहानपणापासून पाठ असल्यामुळे ओठही हलत होते. आत मात्र कुलूप लावलेल्या घरासारखे सामसूम होते. दवाखान्यात भेटायला आलेल्या एका फादरांनी मला बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातला देहातल्या काट्याचा उतारा वाचून दाखवला होता. तो काटा निघावा म्हणून पौल प्रभूला तीनदा विनवतो, काटा काही निघत नाही, आणि सामर्थ्य अशक्तपणातच पुरे होते, एवढेच त्याला ऐकावे लागते. टाके ओले असलेल्या बाईला हे वाचून दाखवणे मला तेव्हा निर्दयपणाचे वाटले होते, आणि तो राग मी दोन वर्षे जपून ठेवला होता.

8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन, आणि त्याला धरून येणाऱ्या शनिवार-रविवारी हरेगावची यात्रा. आमची पंचवीसेक माणसांची दिंडी गुरुवारी पहाटे निघाली. आम्ही तिला दिंडीच म्हणतो. आमच्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला पायी देवाकडे जाण्यासाठी याहून जवळचा शब्द मिळालेला नाही. पुढे निळा-पांढरा झेंडा, मधे ढोलकी आणि टाळ, आणि मागे पाण्याचा टेम्पो, जो नेमका तहान लागली की दिसेनासा होई.

विळद घाट उतरेपर्यंत सगळे सुरळीत होते. मग जपमाळ सुरू झाली आणि तिच्याबरोबर भांडणही. माळ ओढताना येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग, म्हणजे रहस्ये, वारांप्रमाणे आठवायची असतात. गुरुवारी प्रकाशाची रहस्ये म्हणायची असतात; 2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती जपमाळेत घातली. आमचे म्होरके काका मात्र आपल्या आईकडून शिकले तेवढेच मानतात, आणि त्यांच्या आईच्या वेळी गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा होता. बरोबरच्या तरुण सिस्टरांनी त्यांना हळूच आठवण करून दिली, काकांनी आवाज चढवला, आणि मागच्या निम्म्या दिंडीने गालीली काना गावचे लग्न धरले तेव्हा पुढची निम्मी दिंडी नासरेथला देवदूताचा निरोप ऐकत होती. शेजारून ट्रक धुरळा उडवत जात होते. एका माळेला वीस मिनिटे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर, असा हिशेब मी मनाशी घातला होता, आणि अजून किती माळा उरल्या, एवढाच काय तो माझा भक्तिभाव होता.

शुक्रवारी कृषी विद्यापीठ आणि मुळेचा पूल मागे टाकून आम्ही राहुरीत शिरलो. माझी आजी याच तालुक्यातल्या वळणची, तेव्हा या रस्त्याशी आपले काही नाते जाणवेल असे मला वाटले होते, पण मला फक्त माझा उजवा तळवा जाणवत होता. नवे बूट घेऊन येण्याचा मूर्खपणा माझा होता. राहुरी कारखान्याजवळ दिंडी श्रीरामपूरच्या रस्त्याला वळली तेव्हा टाचेपुढचा फोड रुपयाएवढा झाला होता, आणि देवळाली प्रवरा यायच्या आतच मी इतकी मागे पडले की ढोलकीचा आवाजही ऐकू येईना.

भादव्यातले ऊन काय असते हे आमच्या भागात सांगावे लागत नाही. वर आभाळ स्वच्छ, खाली ओल्या जमिनीची वाफ, दोन्ही बाजूंना माथ्याहून उंच ऊस आणि त्यात वाऱ्याचे नाव नाही. सावली नसल्यामुळे बसता येत नव्हते, म्हणून मी चालत होते. काकांचा, आईचा, टेम्पोवाल्याचा आणि पौलाचा सारखाच राग येत होता. आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की, आपल्या तोंडून ‘नमो मारिया’ चालू आहे. मी ते सुरू केलेले नव्हते. माळ खिशात होती, मोजणी नव्हती. शुक्रवार म्हणजे दुःखाची रहस्ये एवढे माहीत होते, पण मी येशूबरोबर गेथशेमनीच्या बागेत आहे की कालवारीच्या वाटेवर, याचा पत्ता नव्हता. डाव्या पावलाला अर्धी प्रार्थना आणि उजव्या, दुखऱ्या पावलाला उरलेली अर्धी, असे ते आपले आपण चालले होते. मनात तेव्हाही काही उजळले नव्हते. फक्त, मी थांबले असते तरी ते थांबले नसते, असे वाटले, आणि मी तशीच पुढे गेले.

पुढे रस्त्याकडेला एक घर आणि लिंबाचे झाड होते. झाडाखाली पोते अंथरून एक आजी गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ होती. माझ्या चालीकडे पाहून त्यांनी विचारले, “कुठशी निघालीस गं बाई?” मी हरेगाव म्हटले. “मतमाउलीला व्हय? बस. पाय दाव.” पाय दाखवायला मला लाज वाटली, पण त्यांनी बूट आणि मोजा माझ्या आधी काढला. गोधडीची सुई त्यांनी काडीच्या जाळावर धरली, सुती दोरा हळद कालवलेल्या तेलात बुडवला आणि तो फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढला. दोन्ही टोके तोडून त्या म्हणाल्या, “दोरा काढू नको. कातडं फाडायचं न्हाई. दोरा आत ऱ्हायला म्हंजी पानी निचरतं आन् पाय चालतो.”

पंधरा वर्षे त्या आळंदीहून पंढरपूरला चालत गेल्या होत्या. आता जमत नाही, हे त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, तर पाऊस थांबला असे सांगावे तसे सांगितले. मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकले तर त्यांनीच आधी माझ्या पायाला हात लावला. मला ते सहन होईना, कारण दोन वर्षांत मी कोणासाठी काही मागितले नव्हते आणि माझ्या पायांत वाटेचे पुण्य असेल, ही समजूत त्यांचीच होती. “आमची माउली नेवाशाला बसली व्हती, तुमची हरेगावला,” त्या म्हणाल्या, “लांब न्हाई.” नेवासे खाली, त्याच प्रवरेच्या काठी. गूळ आणि पाणी देऊन त्यांनी मला उठवले. मी रडले, आणि ते फोडामुळेच आहे, असा त्यांनी समज करून घेतला असावा.

तिथून बेलापूरच्या मुक्कामापर्यंत पाय दुखत होताच. रात्री शाळेच्या ओट्यावर, काकांच्या घोरण्याने झोप लागत नसताना, मला पौलाची आठवण झाली. काटा निघालेला नसताना तो पुढे चालत राहिला, एवढी साधी गोष्ट मी त्या उताऱ्यात वाचलीच नव्हती. मला तो नुसता नकार वाटला होता. त्या फादरांवरचा राग मी शोधून पाहिला. तो होता, पण त्यातले पाणी निचरले होते. मग मी दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितले, आणि तेही बिनओळखीच्या आजींच्या गुडघ्यांसाठी.

शनिवारी श्रीरामपूर एका चहात मागे पडले. हरेगावला संत तेरेजा चर्चच्या आवारात माणसाला माणूस लागत होते. मेणबत्त्यांचा धूर, रेवड्यांची दुकाने, हरवलेल्या मुलांच्या नावांची लाउडस्पीकरवरून घोषणा. जीपने आलेली आई फाटकापाशीच सापडली. तिने आधी माझा चेहरा पाहिला, मग पाय, आणि तळव्यातून लोंबणारा पिवळा दोरा पाहून विचारले, “हे कोणत्या सिस्टरने केले?”

“पंढरपूरच्या,” मी म्हणाले.

आईने काही विचारले नाही. रांगेत उभे असताना मला एकदम आठवले की आजींचे नाव विचारायचे राहून गेले आहे. म्हणून मतमाउलीपुढे मेणबत्ती लावताना लिंबाखाली गोधडी शिवणारी बाई एवढेच मी सांगितले. परतताना मी आईला बजावले की, पुढच्या वर्षासाठी आता काही बोलून ठेवू नकोस.

“बोलून झाले,” आई म्हणाली.