नवं कोरं हत्यार लगेच कमरेला लावू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्या दारात येतोच. फौजेतून पेन्शनवर आलेला माणूस, त्यात काही वर्षं कोतात, म्हणजे फौजेच्या हत्यारखान्यात, हत्यारं पुसण्यात गेलेली. मग बेळगाव-खानापूरकडचा कुणीही नवा लायसन्सवाला विचारणारच: "मामा, रिव्हॉल्व्हर घेतलंय. आता कमरेला लावलं तर चालतंय न्हवं?"

चालत नाही. कमरेला जी काडतुसं बाळगणार, त्याच पेटीतली निम्मी आधी उडवा, मग लावा. एवढं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. काडतुसं लायसन्सवर मोजून मिळतात, म्हणून माणूस ती दागिन्यासारखी जपतो. कपाटात वीस वर्षं तीच सहा काडतुसं ठेवलेले लोक मी बघितलेत. खंडेनवमीला हत्याराला झेंडू वाहतात, हळद-कुंकू लावतात, पण ते हत्यार वाजतंय का हे घरात कुणालाच ठाऊक नाही.

"फॅक्टरीत टेस्ट होऊनच येतंय की!" हे दुसरं. होतं, आणि प्रूफचा शिक्काही असतो. पण त्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी फाटत नाही ना, एवढंच बघतात. अमुक काडतुसाबरोबर, तुमच्या हातात, दहावा बार निघेल का, हे तो शिक्का सांगत नाही.

गेल्या वर्षी नात्यातला एक पोरगा आला. खानापूरच्या पुढं काजूचा कारखाना, पगाराची रोकड घेऊन जंगलाच्या रस्त्यानं येणं-जाणं. नवं कोरं .३२ रिव्हॉल्व्हर, सहा घरांचं, म्हणजे फिरत्या चरखीत सहा काडतुसं बसणारं. म्हणाला, "मामा, कोल्हापूरला जाऊया की, तिकडं नेमबाजीचं सगळं हाय." खरंय, तिकडच्या मातीत नेमबाज पिकतात, राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणलं. पण मी त्याचं लायसन्स हातात घेतलं. कन्नड मजकूर, पोरानं धड वाचलाच नव्हता. हद्द: कर्नाटक. म्हणजे वेंगुर्ला रोडनं महाराष्ट्रातल्या शिनोळीत पाऊल टाकलं की तेच रिव्हॉल्व्हर बेकायदेशीर. आमच्या निम्म्या सोयरिकी चंदगडात, लग्नाला जाताना हत्यार घरीच ठेवावं लागतं.

"मग शेतात चार बार काढू?" तेही नाही. गोळी बांधापाशी थांबत नाही. शिवाय शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणानं किंवा आनंदाच्या भरात बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेवटी इकडच्याच एका परवानगीच्या रेंजवर गेलो.

त्यानं ५० काडतुसं आणली होती. बुडावर 'केएफ' असं इंग्रजीत ठोकलेलं, म्हणजे आपला पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. आधी नळी आणि घरं वरवर पुसली, कारण नव्या हत्यारात फॅक्टरीचं ग्रीस असतंच. मग मार्करनं चरखीच्या घरांना १ ते ६ आकडे घातले. पोरगा हसला. मी म्हटलं, घोडा हातानं ओढायचा नाही, नुसता चाप दाबून उडवायचं. बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये तसं उडवताना घोड्याचा फटका जरा कमी बसतो, आणि अंगावर कुणी आलं तर घोडा ओढत बसायला वेळ कुठला?

पहिली सहा निघाली. दुसऱ्या सहात चौथ्यावर नुसतं 'टक्'.

पोरगा लगेच चरखी उघडायला निघाला. त्याचा हात धरला. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, म्हणून नळी समोर बटकडं, म्हणजे गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या ढिगाकडं, धरून अर्धा मिनिट थांबायचं. मग उघडून बघितलं. बुडाच्या कॅपवर, म्हणजे फटका बसला की पेटते त्या टोपीवर, पिनची खूण होती, पण उथळ. तेच काडतूस एक नंबरच्या घरात घातलं, उडालं. म्हणजे काडतूस चांगलं. तिसऱ्या खेपेला पुन्हा चार नंबरवर टक्. थांबलो, मग चरखी न उघडता चाप दाबत गेलो, आणि तेच घर फिरून पुन्हा समोर आलं तेव्हा धाडकन उडालं.

आकडे घातले नसते तर पोरानं काडतुसांना शिव्या घालत उरलेली पेटी परत दुकानात नेली असती. दोष चौथ्या घरात होता. काडतूस तिथं पूर्ण बसत नव्हतं. पहिला फटका त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडत होता, दुसऱ्या फटक्याला ते पेटत होतं. ब्रश आणि चिंदी फिरवली तर घट्ट झालेलं ग्रीस निघालं, कॉफीच्या गाळासारखं. माझीच चूक, आधी घरं नीट खरवडायला हवी होती. त्यानंतर १८ बार झाले, एकही अडलं नाही. घरी जे येतात त्यांना मी हेच सांगतो: दोष सापडला की मोजणी पुन्हा शून्यापासून.

एक गोष्ट त्या दिवशी घडली नाही, पण ती जिवावरची आहे. बार फुसका निघाला, धक्का बसलाच नाही, तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. मागून दुसरी सोडलीत तर नळी हातात फुटेल.

पिस्तूलवाल्यांना एवढंच सांगेन की तिथं आधी संशय मॅगझीनवर, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीवर घ्या. प्रत्येक मॅगझीनला नंबर घाला, आणि जी दोनदा अडकली ती कमरेला न्यायची नाही. आणि तेल! आपल्याकडं माणूस पिस्तुलाला भज्यासारखं तळतो. कॅपमध्ये तेल झिरपलं तर काडतूस मरू शकतं.

आता आमच्याकडचा पाऊस. चामड्याच्या म्यानात काडतूस चार महिने राहिलं तर पितळेवर हिरवट चढतं. निवडणुकीला हत्यार जमा करावं लागतं, २०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा. पोरानं रिव्हॉल्व्हर त्यानंतर घेतलं म्हणून वाचला. ज्यांचं जमा होतं त्यातल्या एकाचं परत आलं तेव्हा पिनवर तांबूस गंज होता. परत आलेलं हत्यार मी नवंच धरतो.

पोरगा त्या दिवशी हिशोब करत बसला: "५० मधली ३६ गेली, मामा." उरली १४. सहा चरखीत, सहा खिशात, दोन शिल्लक. परवा त्याचा फोन आला. पाऊस सरला, खिशातली सहा हिरवी दिसायलेत, काय करू? म्हटलं, रविवारी ये. ती उडवून टाकू, आणि येताना ब्रश आण, माझ्याकडचा झिजलाय.